दोन तासांचं ऑफिस

आमच्या कंपनीची पाटी लिफ्टमध्ये जाणार नाही, असं लिफ्टमन सांगत होता आणि जाईल, असं हेरंब सांगत होता. दोघांपैकी कुणीही मोजलं नव्हतं. पाटी आठ फूट लांब, चादरीत गुंडाळलेली, आणि तिच्या मागच्या टोकाशी शकुताई पदर खोचून उभ्या. अंधेरीतल्या त्या काचेच्या इमारतीत शिरणारी माणसं आमच्याकडे बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

मी पर्समधून टेप काढला. लिफ्टची उंची दोनशे वीस सेंटिमीटर, रुंदी एकशे दहा. म्हणजे कर्ण दोनशे सेहेचाळीस. पाटी दोनशे चव्वेचाळीस.

"जाईल," मी म्हटलं. "पण तिरपी. आणि आपण सगळ्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं."

नवव्या मजल्यापर्यंत आम्ही चौघं तसे उभे होतो. लिफ्टमनच्या नाकासमोरून पाटीची कड जात होती. त्याने वाटेत एकदाच तोंड उघडलं आणि विचारलं की वर दुकान काढताय का. हेरंब म्हणाला, मीटिंग आहे. लिफ्टमनने पाटीकडे पाहिलं आणि मग हेरंबकडे.

हेरंब टिपणीस कॉलेजात माझ्या वर्गात होता. रसायनशास्त्रात तो काठावर पास झाला, पण प्रयोगशाळेतली फुटलेली चंचुपात्रं त्याने एकदा एका प्रदर्शनात शोभेच्या वस्तू म्हणून विकली होती. मी पट्ट्या बनवायच्या आणि त्याने त्या विकायच्या, असं आमचं ठरलं होतं. पट्ट्या म्हणजे कागदाच्या, बोटाएवढ्या. दुधात बुडवायच्या. पिवळी राहिली तर दूध ठीक, निळी झाली तर त्यात धुण्याचा सोडा घातलेला आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा होता. मागे माझी लॅब, पुढे पॅकिंग. पॅकिंगला चार बायका, त्यांच्या प्रमुख शकुंतला भोईर, म्हणजे शकुताई.

मार्चपर्यंत मोठी मागणी आली नाही तर गाळा सोडायचा, असं हेरंबने आणि मी ठरवलं होतं. मला माझी जुनी औषध कंपनी परत घ्यायला तयार होती. साहेबांनी निरोप पाठवला होता, हौस फिटली की या. हेरंब कुठेही काहीही विकू शकला असता. शकुताईंचं आणि बाकी तिघींचं काय, हे आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो.

अशात फेब्रुवारीत एका मोठ्या दूध संघाचं पत्र आलं. कर्नाटकच्या सीमेवरचा संघ, तीनशे बारा संकलन केंद्रं. गुणवत्ता विभागाचे प्रमुख बाबगोंडा मगदूम यांनी लिहिलं होतं, 'सतरा तारखेला मुंबईत आहे. सकाळी अकरा वाजता आपल्या मुंबई कार्यालयात येतो.'

मुंबई कार्यालय हेरंबने आमच्या लेटरहेडवर छापलेलं होतं. पत्ता त्याच्या मेहुण्याच्या पार्ल्यातल्या बिऱ्हाडाचा. सतरा तारखेला त्या बिऱ्हाडात बारसं होतं.

मी म्हटलं, त्यांना सरळ अंबरनाथला बोलावू. हेरंबचं म्हणणं, गाळ्याच्या एका बाजूला रबराचा कारखाना, दुसऱ्या बाजूला भंगारवाला. माणूस दारातूनच परत जाईल. मग त्याने पेपरातली जाहिरात दाखवली. अंधेरीत मीटिंगच्या खोल्या तासावर भाड्याने मिळत होत्या. किमान दोन तास, एसी, प्रोजेक्टर, काचेचं दार. चहापाण्याचं सामान मात्र आपलं आपण न्यायचं. "अकरा ते एक आपलं ऑफिस," हेरंब म्हणाला. सामान मांडायला साडेनऊपासून आत सोडतील, हेही त्याने गोड बोलून मिळवलं होतं.

मी एकच अट घातली. मी खोटं वाक्य बोलणार नाही. हेरंब म्हणाला, मग तू बोलूच नकोस, पट्ट्यांबद्दल विचारलं तर तेवढं सांग. शकुताईंना त्याने ऑफिसच्या कर्मचारी म्हणून यायला सांगितलं आणि बजावलं की अंबरनाथचं नाव काढायचं नाही.

"आनि पाटी?" शकुताईंनी विचारलं. "हाफिस बोल्लं तर पाटी नको काय?"

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर बरं झालं असतं. गाळ्याच्या दारावरची पाटी आदल्या संध्याकाळी चार स्क्रू काढून उतरवली गेली.

खोलीचं नाव झुरिक होतं. तिथल्या सगळ्या खोल्यांना परदेशी गावांची नावं होती आणि रिसेप्शनवरची मुलगी ती नावं आपल्या पाहुण्यांची असावीत तशी घ्यायची. तिचं नाव जेनेल. तिने नियम सांगितले: भिंतीला काही ठोकायचं नाही, चिकटवायचं नाही, आणि एक वाजता खोली रिकामी हवी. "एकनंतर झुरिकला दुसरी पार्टी आहे."

तेव्हा पाटी भिंतीलगतच्या कपाटावर टेकवून उभी केली. हेरंब लांब जाऊन बघून आला. सरळ आहे म्हणाला. मी पाहिलं तर उजवीकडे एखाद्या अंशाने कललेली होती, पण बोलले नाही.

खोलीला लागून एक छोटी मोरी होती. तिथे नळ, चहाची किटली आणि रिकामी साबणाची बाटली. शकुताईंनी अंबरनाथहून आणलेलं सामान लावायला घेतलं. त्यांच्याबद्दल इथे एक सांगायला हवं. आमच्या लॅबमध्ये कुठलीही बाटली उघडली की तिला पांढरं लेबल लावायचं: उघडल्याची तारीख, उघडणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. बंद बाटलीतलं रसायन दोन वर्षं टिकेल, पण एकदा उघडलं की त्याचे दिवस वेगळे मोजावे लागतात. नियम माझा, पण शकुताई तो माझ्याहून कडक पाळायच्या. सहावी झालेल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं.

मी टेबलावर पट्ट्यांचे नमुने मांडत होते. मध्येच शकुताई लेबलांची गुंडाळी माझ्यासमोर धरायच्या, "म्याडम, सही," आणि मी करायचे. रोज पन्नासेक सह्या करायची सवय होती. हेरंब प्रोजेक्टरची तार शोधत होता. सही करताना मी त्याला सांगत होते की तार त्याच्या पायाखाली आहे.

अकरा वाजले, मगदूम आले नाहीत. सव्वाअकरा. साडेअकरा. भाड्याचा तास असा बघता बघता संपताना मी पहिल्यांदाच पाहत होते. लॅबमध्ये अर्ध्या तासात फार तर एखादा द्राव थंड होतो. पाटीचा कल दोन अंशांवर गेला. अकरा पन्नासला जेनेलने दार ढकललं आणि मागून मगदूम आत आले.

पन्नाशीचे, ठेंगणे, पांढरा शर्ट, हातात स्टीलचा थर्मास. दारात थबकले, गालिच्याकडे पाहिलं आणि वाकून बूट काढून बाहेर ठेवले. शकुताईंचा चेहरा उजळला. सकाळपासून हेरंब आणि मी बूट-चपला घालून त्या गालिच्यावर फिरत होतो, ते त्यांना पटलं नव्हतं.

"गाडी वाटेत अडकली," मगदूम म्हणाले. "मुंबईत रस्ता कमी आणि गाड्या लई." मग पाटीकडे पाहिलं. "मोठी आहे हो."

हेरंबने सूत्रं हातात घेतली. हे ऑफिस आमच्याकडे सहा वर्षं आहे, असं त्याने पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं. मी थर्मासकडे बघत राहिले.

"इथं जागेचं भाडं काय पडतं हो मॅडम?" मगदूमांनी मलाच विचारलं.

"तासावर असतं," मी म्हटलं.

हेरंबला ठसका लागला. "तासातासाला वाढतं, असं म्हणायचंय मॅडमना," तो म्हणाला. मगदूम मान हलवत राहिले. आमच्याकडं पण बेळगावात तसंच झालंय बघा, म्हणाले.

मग त्यांनी थर्मासमधून दुधाच्या तीन छोट्या बाटल्या काढल्या. कुठल्या बाटलीत काय, ते फक्त त्यांना ठाऊक. मी पट्ट्या बुडवल्या. पहिली पिवळी, दुसरी निळी, तिसरी पिवळी. मगदूमांनी खिशातला कागद उघडून पडताळलं आणि कागद परत खिशात ठेवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. हेरंबने टेबलाखालून मला अंगठा दाखवला.

"पाकीट उघडल्यावर पट्टी किती दिवस चालते?" मगदूमांनी विचारलं.

हेरंब म्हणाला, वर्षभर. आमच्या माहितीपत्रकात तसंच होतं, बंद पाकिटासाठी.

"एकवीस दिवस," मी म्हटलं. "गोठ्याजवळ ठेवलं तर त्याहून कमी. गोठ्यातल्या अमोनियाने पट्टी आपोआप निळी होते."

हेरंबचा बूट माझ्या पायावर आला. मगदूमांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते चांगलं की वाईट, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

साडेबाराच्या सुमारास काचेपलीकडे माणसं गोळा होऊ लागली. पिवळे टाय लावलेली तीसेक माणसं. ती झुरिकची पुढची पार्टी होती. मधूनमधून ती एकदम टाळ्या वाजवायची, बहुधा सरावासाठी. मगदूमांनी विचारलं, ही कोण. आमच्याकडे सतत प्रशिक्षण चालू असतं, असं हेरंब म्हणाला. एका पिवळ्या टायने काचेला नाक लावून आत पाहिलं आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

दुधाचे हात धुवायला मगदूम मोरीत गेले. गेले ते बराच वेळ आले नाहीत. पाणी वाहण्याचा आवाज आला, थांबला, मग काहीच नाही. बाहेर आले तेव्हा त्यांची चाल मंदावली होती. खुर्चीवर बसले. शकुताईंनी चहा आणला. मगदूमांनी साखरेची बरणी पुढे ओढली, फिरवली आणि चष्मा वर करून तिच्याकडे पाहत राहिले. मग बिस्किटांचा पुडा. मग पेपर नॅपकिनचं खोकं. मग पाण्याची बाटली. प्रत्येक वस्तू ते फिरवून बघायचे आणि होती तिथे नेमकी परत ठेवायचे.

मी त्यांच्या नजरेमागून पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला.

एक वाजायला आठ मिनिटं होती.

"टिपणीस," मगदूम शांतपणे म्हणाले, "एक विचारू काय? साखर आज उघडली. बिस्किटं आज. चहा आज, हे नॅपकिन आज. आतला साबण सकाळी उघडलाय, फळ्याचा मार्कर पण सकाळीच." त्यांनी साखरेची बरणी हेरंबकडे सरकवली. "सहा वर्षांत या ऑफिसात काहीच उघडलं नव्हतं काय?"

बरणीवर पांढरं लेबल होतं. उघडले: १७ फेब्रुवारी. उघडणार: श. भो. तपासले: म. रा. शेवटची अक्षरं माझी. मधुवंती राजाध्यक्ष.

हेरंबने नवा माल आला वगैरे काही सुरू केलं, पण पिवळ्या टायवाल्यांनी नेमक्या त्याच वेळी टाळ्या वाजवल्या आणि त्याचं वाक्य बुडालं. टाळ्या थांबल्यावर त्याला ते पुन्हा सुरू करावंसं वाटलं नाही.

शकुताई मोरीच्या दारात उभ्या होत्या. "उघारलं तं लेबल लावाचं," त्या मला हळूच म्हणाल्या. "तुमीच सांगता."

"बरोबर केलंत," मी म्हटलं. मग मगदूमांकडे वळले. "हे ऑफिस आमचं नाही. आज अकरा ते एक भाड्याने घेतलंय. आम्ही अंबरनाथला एका गाळ्यात काम करतो. तिथे दोन खोल्या आहेत आणि चार बायका. पाटी तिथलीच आहे, काल काढली."

"आणि हे बाहेरचे?"

"ते आमचे नाहीत. ते कोण आहेत, मला माहीत नाही."

मगदूमांनी चहा संपवला. सावकाश संपवला. तेवढ्यात दार उघडून जेनेल म्हणाली की मॅडम, वेळ झाली, आणि तिच्या मागून पिवळे टाय आत वाहू लागले. हेरंबने पाटीचं एक टोक उचललं. दुसरं उचलायला मी पोचायच्या आत मगदूमांनी ते धरलं. ते अजून मोज्यांवर होते.

"चला," ते म्हणाले. "आता हिला कुठं लावता, ते बघू की."

लिफ्टमध्ये आम्ही पुन्हा कर्णावर पाटी धरून भिंतीला चिकटलो. हेरंबचा चेहरा पाटीमागे होता आणि त्याने तो तिथेच राहू दिला. पाचव्या मजल्याच्या आसपास मगदूम म्हणाले, "हे माप कुणी घेतलं? दोन सेंटिमीटरसुद्धा जास्तीची जागा नाही."

"दोन आहे," मी म्हटलं.

त्यांच्या जीपच्या टपावर पाटी बांधली. बेळगावला परत जाताना अंबरनाथला वळसा पडणार होता, पण ड्रायव्हरच्या कुरबुरीकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. शकुताई पुढे बसल्या आणि रस्ता दाखवू लागल्या. सकाळपासून तोंडात धरलेलं अंबरनाथचं नाव त्यांनी वाटेत चाळीस वेळा तरी घेतलं.

वाटेत मगदूमांनी एक गोष्ट सांगितली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या संघाने दुसऱ्या कुणाच्या तरी पट्ट्या घेतल्या होत्या. एका गावच्या सचिवाने जूनमध्ये पाकीट उघडलं आणि सप्टेंबरपर्यंत वापरलं. गावातल्या एका म्हातारीचं दूध पाच दिवस परत गेलं, सोडा घालते म्हणून. सहाव्या दिवशी म्हातारी म्हैस घेऊनच संघाच्या दारात आली. तुम्हीच काढा आणि तुम्हीच तपासा, म्हणाली.

"मग?" हेरंबने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"काढलं. मी स्वतः उभा होतो. पट्टी निळी. मग पट्टी नुसत्या पाण्यात घातली, निळी. मग पाकिटातली कोरी पट्टी काढून बघितली." ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "ती पण निळी. म्हातारी माझ्याकडं बघते आणि मी पट्टीकडं. गावात तिला पाच दिवस चोर म्हणत होते हो. पाकीट कधी उघडलं ते सचिवानं कुठं लिहिलंच नव्हतं."

शिळफाट्याजवळ ते म्हणाले, परवाच आमचं आणखी एक केंद्र सुरू झालंय.

गाळ्याच्या दारावर पाटीच्या जागी फिक्या रंगाचा लांब पट्टा होता आणि चार भोकं. रबराचा वास सुटला होता. पॅकिंगच्या तिघी उठून उभ्या राहिल्या. मगदूमांनी दारात बूट काढले. इथे तसा नियमच होता आणि चपलांची रांग होती, हेही त्यांनी पाहिलं. मग सरळ लॅबमध्ये जाऊन फ्रिज उघडला.

वीस मिनिटं ते लेबलं वाचत होते. एकेक बाटली काढायची, वाचायची, ठेवायची. मधे एकदा त्यांनी एक बाटली वर धरली. तिच्यावर तारखेखाली लाल अक्षरात लिहिलं होतं, 'दिवस संपले. वापरू नये. सोमवारी टाकणे.' त्या दिवशी गुरुवार होता. मगदूमांनी ती बाटली होती तिथे ठेवली. चहाच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरणीवरही लेबल होतं. तेही त्यांनी वाचलं आणि शकुताईंना विचारलं की हे तपासलं कुणी. शकुताई म्हणाल्या, म्याडमनी. खाऊन.

"टिपणीस," फ्रिज लावत मगदूम म्हणाले, "सहा वर्षांचं ऑफिस म्हणालात, ते मी विसरणार नाही हं."

"नाही साहेब," हेरंब म्हणाला. आणि ते खरंच विसरले नाहीत. पुढे कित्येक वर्षं हेरंबचा फोन गेला की ते आधी विचारायचे, आज कुठल्या ऑफिसातून बोलताय?

मग ते शकुताईंकडे वळले. आमच्या तीनशे बारा सचिवांना हे लेबल लावायला शिकवाल काय, असं त्यांनी विचारलं. शकुताई विचारात पडल्या. त्या बाप्यांना लिवता येतं ना, त्यांनी खात्री करून घेतली. येतं, पण लिहीत नाहीत, मगदूम म्हणाले. मग येते, शकुताई म्हणाल्या, पण भात देत असतील तर. भाकरी मला रोज नाय चालत.

मगदूमांनी टेबलावरची लेबलांची गुंडाळी ओढली. अंधेरीत मी दिलेलं नमुन्याचं पाकीट त्यांनी खिशातून काढून फोडलं, वर एक लेबल लावलं आणि ते उभ्यानेच लिहू लागले. लिहून झाल्यावर पाकीट माझ्यासमोर धरलं.

"मॅडम, सही."

माझा हात आपोआप पेनाकडे गेला. पण या वेळी मी थांबले आणि आधी वाचलं. उघडले: १७ फेब्रुवारी. पहिलं पाकीट, तीनशे बारा केंद्रांपैकी. बाकीची एक एप्रिलपर्यंत पाठवणे. उघडणार: बा. म. तपासले: आणि पुढे कोरी जागा.

"केंद्रं तीनशे बारा की तेरा?" मी विचारलं. "पत्रात बारा होती, पण मघाशी गाडीत तुम्ही एक नवीन सुरू झालं म्हणालात."

मगदूमांनी पेन परत घेतलं, बारा खोडून तेरा केलं आणि खोडलं तिथे बारीक सही केली. मग मी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं आणि सही केली.

बाहेर हेरंब स्टुलावर चढून पाटी लावत होता. शकुताई खालून सांगत होत्या, उजवीकडं उतरलीय.